प्रश्नचिन्हापुढचं पान

१९९० च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत सहकाऱ्याचा फोन नंबर शोधणं हे एक काम होऊन बसलं होतं. हजारो माणसं, डझनभर देशांतून आलेली, आज इथे तर सहा महिन्यांनी दुसऱ्या इमारतीत. छापलेली डिरेक्टरी हातात येईपर्यंत जुनी व्हायची. ताजी यादी होती, पण ती होती आयबीएमच्या मेनफ्रेमवर. म्हणजे आधी मेनफ्रेमवर लॉगिन करायचं, पासवर्ड द्यायचा, आज्ञा टाइप करायची, नाव टाकायचं आणि नंबर कागदावर उतरवून घ्यायचा. ज्यांचं बाकी सगळं काम युनिक्सच्या नाहीतर व्हॅक्सच्या यंत्रावर चाले, त्यांनाही एवढ्यासाठी मेनफ्रेमचं खातं ठेवावं लागे. काही जण तर पडद्याच्या एका कोपऱ्यात मेनफ्रेमची खिडकी दिवसभर उघडीच ठेवत, निव्वळ फोन नंबरांसाठी. प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जाणारे कण एकमेकांवर आदळवणारी ही मंडळी होती, हे ध्यानात घेतलं तर या प्रकाराची गंमत कळते.

त्याच प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली नावाचा एक इंग्रज सॉफ्टवेअर अभियंता आपल्या काळ्या नेक्स्ट संगणकावर एक वेगळीच गोष्ट उभी करून बसला होता. १९९० च्या अखेरीस त्याचा पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर चालू झाला होता. एका दस्तऐवजातल्या शब्दावर टिचकी मारली की दुसरा दस्तऐवज उघडे, मग तो दुसऱ्या यंत्रावर का असेना. त्याला तो वर्ल्ड वाइड वेब म्हणत होता. अडचण अशी होती की ही करामत नेक्स्टवर दिसे आणि नेक्स्ट सर्नमध्ये मूठभर लोकांकडे होता. शिवाय वेबवर वाचण्यासारखं काय होतं? वेबविषयीचीच माहिती. दुकान मांडलं, माल मात्र दुकानाच्या पाटीचाच, असा प्रकार. माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही आणि गिऱ्हाईक नाही म्हणून कोणी माल आणत नाही.

हा पेच सुटला तो एका न गाजलेल्या माणसामुळे. बर्न्ड पोलरमन हे सर्नच्या मेनफ्रेमवरची माहिती सांभाळत. फोनची यादी, सूचना, मदतीची पानं, सगळं त्यांच्या ताब्यात. ती शोधून देणारे प्रोग्रामही त्यांनीच लिहिलेले. बर्नर्स-लीने त्यांच्यापुढे सौदा ठेवला: तुमच्या माहितीसाठी तुम्ही सर्व्हर उभा करा, ब्राउझर प्रत्येकाच्या टेबलावर पोचवण्याचं मी बघतो. पोलरमन तयार झाले. आता प्रश्न होता तो कामाच्या वाटणीचा. बर्नर्स-लीचा सर्व्हर सी भाषेत लिहिलेला होता आणि पोलरमन यांचा हात बसला होता मेनफ्रेमवरच्या रेक्स या भाषेवर. मग बर्नर्स-लीने आपला सर्व्हर मेनफ्रेमवर चालवून घेतला आणि मधोमध कापून त्याचे दोन तुकडे केले.

या कापण्यात पुढचं सगळं आलं, म्हणून इथे जरा थांबतो. पहिला तुकडा फक्त जाळ्यावरून आलेली मागणी ऐकायचा आणि उत्तर परत पाठवायचा. मागणीत काय आहे, उत्तर कुठून आणायचं, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. दुसरा तुकडा पोलरमन यांचा. तो मागणीतले शब्द घ्यायचा, यादीत शोधायचा, आणि जे सापडेल ते वेबच्या पानाच्या रूपात रचून पहिल्याच्या हातात द्यायचा. जुन्या वाड्यात आल्यागेल्याचं बोलणं ओसरीवर होई आणि कारभार माजघरात चाले. पाहुण्याला माजघरात पाऊल टाकण्याची गरज पडत नसे. इथेही तसंच. जाळ्यावरच्या माणसाला मेनफ्रेम दिसत नव्हता, त्याचा पासवर्ड लागत नव्हता, त्याच्या आज्ञा पाठ करायला नकोत. पोलरमन यांना तरी नवं काय शिकावं लागलं? पानावर मजकूर मांडण्याच्या खुणा. त्या त्यांनी काही दुपारींत शिकून घेतल्या.

दुसरीकडे निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने, जी इंग्लंडहून सर्नला प्रशिक्षणासाठी आली होती, एक अगदी साधा ब्राउझर लिहिला. त्यात चित्रं नाहीत, माउस नाही. लिंकच्या पुढे कंसात आकडा यायचा आणि तो टाइप करायचा. दिसायला ओबडधोबड, पण कुठल्याही टर्मिनलवर चालणारा. या दोन गोष्टी जमल्या आणि सर्नमध्ये फोन नंबर शोधायला लॉगिन करण्याचं कारण उरलं नाही. लोक खूश झाले. बर्नर्स-लीची मात्र थोडी पंचाईत झाली, कारण त्याचं जगव्यापी माहितीचं स्वप्न हे पुष्कळांच्या लेखी टेलिफोन डिरेक्टरीचा जरा विचित्र प्रोग्राम होऊन बसलं.

आता अटलांटिकपलीकडे जाऊ. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मागच्या टेकड्यांत स्लॅक ही प्रयोगशाळा आहे. तिथे सुमारे तीन किलोमीटर लांबीचा सरळ रेषेतला त्वरक आहे. १९७४ च्या नोव्हेंबरात बर्टन रिक्टर यांच्या गटाला इथेच एक नवा कण सापडला. त्याच वेळी ब्रुकहेवनमध्ये सॅम्युअल टिंग यांनाही तो सापडला, आणि दोघांना १९७६ चं नोबेल मिळालं. त्याच १९७४ सालात स्लॅकच्या ग्रंथालयात दुसरी एक गोष्ट सुरू झाली. तिला नोबेल मिळणार नव्हतं.

कणभौतिकीतल्या लोकांना धीर धरवत नाही. शोधनिबंध नियतकालिकात छापून यायला महिनोन्‌महिने लागतात, आणि तोवर दुसरा कोणीतरी पुढे निघून गेलेला असतो. म्हणून निबंध लिहून झाला की त्याच्या प्रती काढून टपालाने जगभरच्या प्रयोगशाळांना पाठवायची रीत पडली होती. या प्रतींना म्हणतात प्रीप्रिंट. स्लॅकच्या ग्रंथालयात त्यांचे ढीग येत. लुईझ ॲडिस आणि त्यांच्या सहकारी त्यांची नोंद करत, आणि १९६९ पासून दर आठवड्याला नव्या प्रीप्रिंटांची छापील यादी जगभर पाठवत. या यादीत एक खट्याळ विभाग होता, अँटि-प्रीप्रिंटांचा. कणाला जसा प्रतिकण असतो, तसं प्रीप्रिंटाला त्याचं प्रतिरूप: जो निबंध अखेर नियतकालिकात छापून आला, तो इथे यायचा आणि मग त्याची कच्ची प्रत फेकून द्यायला हरकत नसे. ग्रंथपालांना विनोद कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१९७४ मध्ये या नोंदी स्टॅनफर्डमध्येच विकसित झालेल्या स्पायर्स या डेटाबेस प्रणालीवर चढल्या. हॅम्बुर्गच्या डेसी प्रयोगशाळेच्या ग्रंथालयाशी हातमिळवणी झाली. मग तुम्ही टर्मिनलसमोर बसून ‘फाइंड ए रिक्टर’ असं टाइप केलं, की रिक्टर यांच्या निबंधांची यादी समोर येई. ‘ए’ म्हणजे लेखक, ‘टी’ म्हणजे शीर्षक. कोणी कोणाचा आधार घेतला आहे तेही शोधता येई. लाखाहून अधिक नोंदींचा हा साठा कणभौतिकीतल्या माणसाच्या दृष्टीने सोन्याची खाण होता. फक्त खाण होती स्लॅकच्या मेनफ्रेमच्या पोटात. तिथे खातं हवं, दूरवरून जोडणी हवी, नाहीतर नेटवर्कवरून ठरावीक साच्यात निरोप पाठवून उत्तराची वाट बघायची. ही निरोपाची सोय चांगली होती, अनेक देशांतले लोक ती वापरत. पण साचा चुकला की उत्तर चुकलं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा सर्नच्या एल-३ या मोठ्या प्रयोगात सहभागी होते. अशा दूरच्या गटांना कोण काय लिहितंय हे वेळेवर कळणं म्हणजे अर्धी लढाई होती.

अशा दोन कथा, एक जिनिव्हाची आणि एक कॅलिफोर्नियाची, शुक्रवारी १३ सप्टेंबर १९९१ रोजी एका खोलीत भेटल्या.

पॉल कुंझ हे स्लॅकमधले भौतिकशास्त्रज्ञ. संगणकाचे मोठे षौकीन. सत्तरच्या दशकात त्यांनी आयबीएमच्या महागड्या मेनफ्रेमची नक्कल करणारा एक स्वस्त प्रोसेसर बनवला होता, प्रयोगाच्या माहितीची गणितं स्वस्तात उरकण्यासाठी. आता ते नेक्स्टचे भक्त होते. कामानिमित्त सर्नला आले होते. नेक्स्टवर काम करणारा आणखी एक माणूस इथे आहे आणि तो आपल्याला काहीतरी दाखवू इच्छितो, एवढं त्यांना माहीत होतं. भेटीला ते फार उत्सुक नव्हते. बर्नर्स-लीने पान उघडून दाखवलं, लिंकवर टिचकी मारली, दुसरं पान आलं. कुंझ यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही. हायपरटेक्स्ट म्हणजे काय हे संगणकातल्या माणसाला नवं नव्हतं. दुसऱ्या यंत्रावरचं पान आलं, ठीक आहे. फायली इकडून तिकडे आणण्याचे मार्ग आधीही होते.

मग बर्नर्स-लीने मेनफ्रेमला प्रश्न विचारून दाखवला. नेक्स्टच्या चौकटीत एक शब्द टाइप केला आणि उत्तराचं पान समोर आलं, लिंकांसकट. हे पान कुठल्या फायलीत ठेवलेलं नव्हतं. पोलरमन यांच्या प्रोग्रामने ते त्याच क्षणी, त्या एका प्रश्नासाठी, तिकडच्या आयबीएम यंत्रावर रचलं होतं.

कुंझ चमकले, असं त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलं आहे. त्यांच्या डोक्यात एकदम स्पायर्स आलं. सर्नचा मेनफ्रेम आयबीएमचा, स्लॅकचाही आयबीएमचा, आणि दोन्हींवर व्हीएम ही एकच कार्यप्रणाली. इथे फोनची यादी जाळ्यावर बोलू शकते, तर तिथे जगातल्या सगळ्या कणभौतिकीच्या निबंधांची यादी का बोलू नये? माझ्या मते वेबच्या इतिहासातला कलाटणीचा क्षण हा आहे. लिंक हे वेबचं सौंदर्य खरं, पण लिंक पाहून कुंझ यांना जांभई येत होती. जागे झाले ते क्वेरी, म्हणजे यंत्राला विचारलेला प्रश्न, पाहून.

स्लॅकला परतल्यावर ते गेले ग्रंथालयात, लुईझ ॲडिस यांच्याकडे. इथे या गोष्टीचा सूर बदलतो. संगणक विभागात गेले असते तर समिती बसली असती, अहवाल आले असते. ॲडिस यांना पटवावं लागलंच नाही. सतरा वर्षं त्या आणि त्यांच्या सहकारी ज्या अडचणीशी झगडत होत्या, तीच सुटताना त्यांना दिसत होती: दूरच्या वाचकाला आज्ञांची भाषा न शिकवता उत्तर कसं द्यायचं. ग्रंथपालाच्या दृष्टीने हे नवं तंत्र नव्हतंच. वाचक येतो, विचारतो, ग्रंथपाल आत जाऊन शोधतो आणि चिठ्ठी आणून देतो. ही गोष्ट त्यांनी हजारदा केली होती.

पण उत्साह वेगळा आणि सवड वेगळी. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, नोव्हेंबरही सरला. सगळ्यांची रोजची कामं होती आणि वेबचं काम कोणाच्याच नेमणूकपत्रात नव्हतं. जे लोक नव्या तंत्रज्ञानाच्या जन्मकथा विजेच्या लखलखाटासारख्या सांगतात, त्यांनी ही तीन महिन्यांची चालढकल विसरू नये. शेवटी डिसेंबरात कुंझ, ॲडिस आणि त्यांचे स्लॅकमधले सहकारी टेरी हंग यांनी मेनफ्रेमवर सर्व्हर उभा केला.

त्यांना काय करावं लागलं ते थोडं उलगडून सांगतो, कारण तेच आजही सगळीकडे चालू आहे. ब्राउझर सर्व्हरला तेव्हा एकच ओळ पाठवत असे: ‘गेट’ हा शब्द आणि पुढे पानाचा पत्ता. पानावर एक छोटी खूण असली की ब्राउझरला कळायचं, या पत्त्याला प्रश्न विचारता येतो. वाचकाने शब्द टाइप केले की ब्राउझर तोच पत्ता घ्यायचा, त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावायचा, प्रश्नचिन्हापुढे वाचकाचे शब्द जोडायचा, दोन शब्दांमध्ये अधिकचं चिन्ह घालायचा, आणि ती ओळ पाठवून द्यायचा. बस. सर्व्हरकडचा प्रोग्राम ओळ प्रश्नचिन्हाशी तोडायचा: डावीकडचं सांगतं कोणाला विचारायचं, उजवीकडचं सांगतं काय विचारायचं. मग उजवीकडचे शब्द स्पायर्सला समजेल अशा आज्ञेत बसवायचे, आज्ञा चालवायची, उत्तरातल्या ओळी पानाच्या खुणांत गुंफायच्या.

आणखी एक किचकट काम मध्ये होतंच. आयबीएमच्या मेनफ्रेमची अक्षरांची सांकेतिक लिपी वेगळी होती. जगातल्या बहुतेक संगणकांना मोठा ‘ए’ म्हणजे ६५. मेनफ्रेमला तोच ‘ए’ म्हणजे १९३. म्हणजे आलेली प्रत्येक ओळ इकडच्या आकड्यांतून तिकडच्या आकड्यांत बदलायची आणि जाणारी प्रत्येक ओळ उलट दिशेने. वाचकाला यातलं काहीही दिसायचं नाही, आणि दिसू नये यासाठीच सगळा खटाटोप होता.

गुरुवारी १२ डिसेंबर १९९१ रोजी सर्व्हर चालू झाला. युरोपबाहेरचा तो पहिला वेब सर्व्हर. त्याचं मुख्य पान तीन ओळींचं होतं. एक लिंक स्लॅकच्या फोन यादीकडे, दुसरी प्रीप्रिंटांच्या डेटाबेसकडे. स्वागत नाही, संचालकांचा फोटो नाही, संस्थेचं ध्येयवाक्य नाही. दुसऱ्या दिवशी बर्नर्स-लीने वेबवाल्यांच्या छोट्या मंडळाला कळवलं की स्पायर्ससाठी प्रायोगिक सर्व्हर सुरू झाला आहे आणि त्याचं श्रेय टेरी हंग, पॉल कुंझ आणि लुईझ ॲडिस यांचं आहे. ही तिन्ही नावं त्याने लिहिली, हे बरं केलं. नाहीतर पुढच्या इतिहासकारांनी त्यातली दोन सहज गाळली असती, आणि पुष्कळांनी तरीही गाळलीच.

खरी परीक्षा जानेवारी १९९२ मध्ये झाली. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर ला लोंद या गावी भौतिकीतल्या संगणनावर एक कार्यशाळा भरली होती. बर्नर्स-लीचं भाषण होतं. समोर सुमारे दोनशे भौतिकशास्त्रज्ञ. त्याने वेब काय आहे ते समजावलं, पानं दाखवली, लिंका दाखवल्या. शेवटी त्याने सर्वांसमोर कॅलिफोर्नियाला जोडणी केली, स्पायर्समध्ये शोध घेतला आणि निबंधांची यादी फ्रान्समधल्या त्या पडद्यावर उतरली.

समोरच्या दोनशे जणांपैकी स्पायर्स कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यातल्या कित्येकांनी त्या मेनफ्रेमशी झटापट केली होती, निरोपाचा साचा चुकवून कोरं उत्तर घेतलं होतं. त्यामुळे त्यांना समजावून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ही मंडळी आपापल्या देशांत परतली आणि जाऊन आपापल्या संगणकवाल्यांच्या मागे लागली: आम्हाला हे हवं आहे. कणभौतिकीच्या जगात वेबचा प्रसार झाला तो इथून. बर्नर्स-लीने आणि कुंझ यांनी पुढे स्पायर्सचं वर्णन या नव्या माध्यमाला लोकांच्या गळी उतरवणारा पहिला उपयोग असंच केलं आहे.

याच वेळी आणखी एक गोष्ट जुळून आली होती. ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामॉसमध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी प्रीप्रिंट कागदावर न पाठवता थेट संगणकावर ठेवण्याची सोय सुरू केली होती. आज आपण तिला आर्काइव्ह म्हणून ओळखतो. तिथे निबंध होता, स्पायर्समध्ये निबंधाची नोंद. पुढे दोन्ही वेबवर जोडली गेली, आणि टपालाने येणारे ढीग आटले.

यानंतरची कहाणी वेगाने सांगतो, कारण ती पुष्कळदा सांगितली गेली आहे. सर्न आणि स्लॅकमध्ये सर्व्हर आणि प्रोग्राम यांच्यातला काप ज्याच्या त्याच्या सोयीने घातलेला होता. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात, जिथून मोझेक ब्राउझर आला, रॉब मॅकूल या तरुणाने सर्व्हर लिहिला आणि इतरांशी चर्चा करून त्या कापाचा एक ठरलेला नियम बनला. त्याचं नाव सीजीआय. प्रश्नचिन्हापुढचे शब्द सर्व्हर एका ठरावीक जागी ठेवील, प्रोग्रामने ते तिथून उचलावेत, आणि जे छापील ते सर्व्हर वाचकाकडे पाठवील. प्रोग्राम कोणत्या भाषेत आहे याची चौकशी नाही. त्याच सुमारास मोझेकमध्ये भरायचे फॉर्म आले. पर्ल भाषा जाणणारा कोणीही आता आपला डेटाबेस जगापुढे उघडू शकत होता. गमतीची गोष्ट म्हणजे ज्या नियमावर अर्धं वेब उभं राहिलं, त्याचा औपचारिक दस्तऐवज निघाला तो २००४ मध्ये. जून १९९५ मध्ये रास्मुस लेर्डोर्फ यांनी आपली पीएचपीची अवजारं खुली केली. त्यानंतर वेगळा प्रोग्राम लिहिण्याचीही गरज उरली नाही, क्वेरी पानाच्या मजकुरातच बसू लागली. मायएसक्यूएलसारखे फुकट डेटाबेस त्याच वर्षांत आले.

आज आपल्याकडेही हेच चालतं. महाभूलेख या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की सातबारा समोर येतो. तो सातबारा त्या क्षणापूर्वी पान म्हणून कुठेही नसतो. मागणी ऐकणारा एक प्रोग्राम, नोंदी शोधणारा दुसरा, आणि मध्ये तोच काप.

पण या कापात एक धोका लपलेला होता, आणि तो ध्यानात यायला सात वर्षं लागली. स्पायर्सच्या वेळी प्रश्न विचारणारे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी टाइप केलेले शब्द आज्ञेत जसेच्या तसे बसवले तरी बिघडायचं काय? नव्वदच्या दशकाच्या शेवटी मात्र प्रश्न कोणीही विचारू शकत होतं. डिसेंबर १९९८ मध्ये फ्रॅक या हॅकरांच्या नियतकालिकाच्या चौपन्नाव्या अंकात जेफ फॉरिस्टल या तरुणाने ‘रेन फॉरेस्ट पपी’ या टोपणनावाने एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नाव विचारणाऱ्या चौकटीत मी नावाऐवजी आज्ञेचा तुकडा लिहिला, तर तुमचा प्रोग्राम तो तुकडा आपल्या आज्ञेला चिकटवून डेटाबेसला देतो, आणि डेटाबेस बिचारा दोन्ही आज्ञा पाळतो. त्याला कळतच नाही की अर्धी आज्ञा मालकाची आहे आणि अर्धी चोराची. ‘या नावाचा माणूस दाखव’ या मागणीला ‘किंवा १ = १’ अशी शेपटी जोडली, की अट कायमच खरी ठरते आणि सगळी यादी बाहेर. फॉरिस्टलने हे मायक्रोसॉफ्टला कळवलं होतं. ही काही अडचण नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं, असं त्याने लेखातच नोंदवून ठेवलं आहे.

ती अडचण होती. तिला पुढे एसक्यूएल इंजेक्शन म्हणू लागले, आणि वेबच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने २०१०, २०१३ आणि २०१७ च्या आपल्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत या जातीच्या हल्ल्यांना पहिला क्रमांक दिला. उपाय मात्र साधा आणि जुना आहे. आज्ञा आधी पूर्ण तयार करून डेटाबेसकडे द्यायची, वाचकाच्या शब्दांसाठी तिच्यात रिकामी जागा सोडायची, आणि शब्द वेगळे पाठवायचे. मग वाचकाने काहीही लिहिलं तरी ते शोधायचा मजकूर म्हणूनच वाचलं जातं, आज्ञा म्हणून नाही. हे माहीत असूनही आज नवशिक्यांची कितीतरी पुस्तकं शब्द चिकटवण्याचीच रीत आधी शिकवतात. हा केवळ आळस आहे.

लुईझ ॲडिस यांचा डेटाबेस मात्र वेबवर आल्यानंतरही दोन दशकं चालला. २०१२ मध्ये त्याची जागा इन्स्पायर या नव्या प्रणालीने घेतली. सर्न, डेसी, फर्मीलॅब आणि स्लॅक या प्रयोगशाळांनी मिळून ती उभी केली. म्हणजे १९९१ साली ज्या दोन मेनफ्रेमच्या कथा एका खोलीत भेटल्या, त्यांचे मालक आता एकच यादी सांभाळू लागले. इन्स्पायर सर्वांना फुकट आहे, खातं लागत नाही. कणभौतिकीत काम करणारं कोणी तुमच्या ओळखीचं असेल, तर त्यांचं नाव टाकून बघा.